स्ट्रोब स्थिर, सूर मात्र उतरलेला: न्यू जर्सीहून ठाण्यात आलेल्या टर्नटेबलचं प्रकरण

घर ठाण्यातलं. सत्तरी ओलांडलेले वडील, मुलगा, सून आणि शाळकरी नात. वडिलांनी नोकरी सांभाळून आयुष्यभर भजनाच्या आणि नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांत पेटीची साथ केली. कपाटात दोनेकशे एलपी, बहुतेक एचएमव्हीच्या, दमदमच्या कारखान्यात छापलेल्या. शिवाय थोड्या ईपी (छोट्या रेकॉर्ड) आणि मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्या. घरातला रेकॉर्ड प्लेअर केव्हाच बंद पडलेला. मुलगी एडिसनला, न्यू जर्सीत राहते. तिनं तिकडे १९७० च्या दशकातलं एक चांगलं बेल्टवर चालणारं टर्नटेबल जुन्या बाजारातून घेतलं, त्याला नवी मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई धरून तिच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करणारा भाग) बसवून घेतली आणि येताना सामानातून आणलं. सोबत व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यायला सांगितलं, कारण तिथली वीज १२० व्होल्टची आणि आपली २३० ची.

हॉलमध्ये टीव्हीखाली साउंडबार होता. नंतर मुलानं ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचा वेगळा सबवूफर चालवणारा, एव्ही रिसीव्हर सबवूफरसकट घेतला. मला बोलावलं तेव्हा तक्रार एकच सांगितली गेली: 'रेकॉर्ड लावली की आवाज फाटतो आणि घुमतो.' प्रत्यक्षात दोष एक नव्हता. एकावर एक साचलेले होते आणि प्रत्येकानं दुसऱ्याला झाकलं होतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. परदेशातून आलेलं टर्नटेबल नव्या यंत्रणेला जोडणारी घरं आपल्याकडे वाढली आहेत आणि यातल्या निदान दोन गोष्टी बहुतेकांच्या वाट्याला येतात.

आधी काय झालं होतं

पहिला प्रयत्न साउंडबारवर झाला. टर्नटेबलच्या लाल-पांढऱ्या आरसीए पिना ३.५ मिमीच्या जॅकमध्ये उतरवणारी केबल आणून ती साउंडबारच्या ऑक्समध्ये, म्हणजे बाहेरचं यंत्र जोडायच्या जागेत, खोचली. आवाज आला, पण अगदी बारीक आणि चिरका. तबल्याचा डग्गा गायब, सगळी टोकं मात्र टोचणारी. मुलानं व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेला, थोडा वेळ ऐकलं, मग टीव्ही लावला आणि घर हादरलं.

यात बिघाड कशाचाच नव्हता. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टचा असतो. ऑक्सला काही शे मिलिव्होल्टची अपेक्षा असते. सीडी प्लेअर तर २ व्होल्टपर्यंत देतो. मधलं अंतर भरायला ४० डेसिबल, म्हणजे शंभरपट वाढ लागते. पण नुसती वाढ पुरत नाही. तबकडी कापतानाच खर्ज मुद्दाम दाबलेला आणि तार, म्हणजे वरच्या स्वरांची, बाजू मुद्दाम उचललेली असते. खर्ज जसाच्या तसा कापला तर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूवर पाच-सात मिनिटांपलीकडे काही मावणार नाही. आणि तार बाजू उचलून कापली की वाजवताना ती खाली आणताना पृष्ठभागाची खरखरही खाली जाते. १९५४ च्या सुमारास आरआयएए वक्र (किती दाबायचं आणि किती उचलायचं याचं ठरलेलं माप) ठरला, त्यानुसार वाजवताना २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वाढ आणि २० हजार हर्ट्झला जवळजवळ तेवढीच घट द्यावी लागते. हे काम फोनो प्रीअँप करतो. तो साखळीत नसला की डग्गा हरवतो आणि 'स' चा 'श्श' होतो. घरच्यांनी ऐकलं ते नेमकं हेच.

दुकानदारानं एक छोटा फोनो प्रीअँप दिला, आणि तो योग्यच दिला. पुढे नवा रिसीव्हर आला. त्याच्या मागे 'फोनो' असं लिहिलेली जागा दिसली. रेकॉर्ड प्लेअर फोनोत जातो हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून प्रीअँपमधून आलेली केबल तिथे खोचली गेली. आता उलटा प्रकार झाला. रिसीव्हरच्या त्या जागेमागे त्याचा स्वतःचा फोनो प्रीअँप बसवलेला असतो. कार्ट्रिजचे ४ मिलिव्होल्ट पहिल्या प्रीअँपनं ४०० केले, आणि जो विभाग शंभरेक मिलिव्होल्टपर्यंतच झेपतो त्याच्या तोंडात ते ओतले. आवाज फाटला. शिवाय आरआयएएची दुरुस्ती दोनदा झाली. खर्ज गरजेपेक्षा १९ डेसिबलनं फुगला आणि वरची बाजू तितकीच बुडाली. साउंडबारवर ऐकलेल्या आवाजाचं हे अगदी उलटं रूप.

घरातल्या सगळ्यांना मी एकच गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली: सुईपासून स्पीकरपर्यंतच्या वाटेवर फोनो प्रीअँप एकदाच यायला हवा. शून्य वेळा आला तर आवाज चिरका, दोनदा आला तर फाटका. हल्लीच्या पुष्कळ टर्नटेबलांच्या पोटातच प्रीअँप असतो आणि मागे 'फोनो / लाइन' असं बटण असतं, त्यामुळे तिथेही हा गोंधळ होतो. बटण लाइनवर असेल तर केबल ऑक्समध्ये किंवा सीडीच्या जागी लावायची. फोनोवर असेल तरच रिसीव्हरच्या फोनोत. या घरातलं टर्नटेबल जुनं, त्यात असं काही नव्हतं. आम्ही बाहेरचा प्रीअँप काढून टर्नटेबल थेट रिसीव्हरच्या फोनोत जोडलं. मग टर्नटेबल प्रीअँपमधून सीडीच्या जागी जोडूनही ऐकलं. फरक होता, पण थोडा. बाहेरच्या प्रीअँपमध्ये अतिखर्ज कापणारा फिल्टर होता. थोड्या वाकलेल्या तबकड्यांवर सबवूफरचा पडदा उगीच आत-बाहेर पंप होत होता, तो त्यानं थांबला. म्हणून तोच ठेवला. तबकड्या सपाट असत्या तर मी रिसीव्हरचाच वापरला असता. वाटेत एक पेटी कमी म्हणजे एक जोड कमी.

गुणगुण

फाटणं थांबलं आणि त्याखाली दडलेली गुणगुण वर आली. टर्नटेबलची बारीक अर्थिंगची तार नुसती लोंबकळत होती. ती प्रीअँपच्या मागच्या 'ग्राउंड' स्क्रूला आवळली तशी निम्मी गुणगुण गेली. उरलेल्या निम्मीचा शोध जरा रंजक निघाला.

टोनआर्म (सुई धरणारा दांडा) हातानं तबकडीच्या कडेवरून आतल्या लेबलाकडे नेला की गुणगुण बदलत होती, कमी-जास्त होत होती. असं होत असेल तर दोष जोडणीत शोधू नये. कार्ट्रिजमध्ये बारीक तारेची वेटोळी असतात आणि जवळच्या कुठल्याही ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र ती पकडतात. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर टर्नटेबलच्या उजव्या बाजूला, टोनआर्मच्या तळाशी बसवलेला होता. वायर लांब करून तो कपाटामागे, मीटरभर दूर जमिनीवर ठेवला आणि आर्म हलवल्यावर बदलणारी गुणगुण संपली.

तरी एक स्थिर, खालच्या पट्टीतली गुणगुण उरलीच. रिसीव्हरच्या सगळ्या केबली एकेक करून उपसल्या. सेट टॉप बॉक्सची एचडीएमआय काढली की शांत. बॉक्सला येणारी केबलवाल्याची टीव्हीची केबल, म्हणजे कोअॅक्स बाहेरून वेगळ्या अर्थिंगला टेकून आत येते, आणि त्या दोन अर्थिंगमधून प्रवाह फिरतो. कोअॅक्सच्या वाटेत बाजारात मिळणारा ग्राउंड आयसोलेटर लावला आणि प्रश्न सुटला.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. गुणगुण घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. हे कधीही करू नका. शिवाय व्होल्टेज उतरवणारे स्वस्त ट्रान्सफॉर्मर बहुधा ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे त्यांचं आउटपुट भिंतीतल्या विजेपासून वेगळं झालेलं नसतं. जुन्या अमेरिकन टर्नटेबलला दोनच पिना आणि धातूची चौकट असते. म्हणून मी इथे दोन स्वतंत्र वेटोळ्यांचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्यायला लावला. मोटर मोजक्या वॅटची, त्यामुळे लहानसा पुरतो.

आणि मग सूर

आता आवाज स्वच्छ आला. मुलाचा चेहरा खुलला. वडील मात्र खुर्चीत पुढे सरकून बसलेले.

"काका, आता बरं वाटतंय ना?" मी विचारलं.

"आवाज छान आहे रे. पण सूर उतरलाय. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, कुणी मनावर घेत नाही."

"बाबा, रेकॉर्ड जुनी आहे," मुलगा म्हणाला. "आणि स्पीड मी तपासलाय. ताईनं दिलेल्या स्ट्रोबच्या चकतीवर रेषा हलतच नाहीत."

त्यानं ती रेषा छापलेली चकती लावून दाखवली. स्विचबोर्डवरच्या छोट्या लाल निऑन दिव्याच्या उजेडात ३३⅓ च्या (एलपीचे मिनिटाचे फेरे) कड्यावरच्या रेषा खरोखरच जागच्या जागी उभ्या होत्या. वेग तपासण्याची ही जुनी आणि चांगली पद्धत: वेग बरोबर असेल तर विजेच्या तालावर लुकलुकणाऱ्या दिव्यात रेषा उभ्या दिसतात. मुलाचं म्हणणं वरवर बिनतोड होतं.

वडिलांनी पेटी काढली. रेकॉर्डवरचा गायक काळी एकमध्ये गाणारा, आणि या माणसानं त्या रेकॉर्डबरोबर कैक वर्षं पेटी वाजवलेली. आता त्यांचा षड्ज जुळत होता तो खालच्या काळी पाचला, आणि तोही किंचित उतरलेलाच. म्हणजे पेटीच्या तीन पट्ट्यांहून थोडं अधिक. कार्ट्रिज, प्रीअँप, केबल, स्पीकर यांतल्या कशानेही सूर असा सरकत नाही. सूर सरकतो तो फक्त वेगानं.

गणित सोपं आहे. या टर्नटेबलची मोटर सिंक्रोनस जातीची. ती व्होल्टेजला दाद देत नाही. ती विजेच्या फ्रीक्वेन्सीला बांधलेली असते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. तिकडे मिनिटाला ३०० फेरे घेणारी मोटर इथे २५० घेते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रीक्वेन्सीला हात लावत नाही. त्यामुळे तबकडी ३३⅓ ऐवजी २७.८ नं फिरते आणि स्वर सहास पाच या प्रमाणात उतरतात, म्हणजे तीन पट्ट्या आणि वर थोडं. वडिलांच्या पेटीनं सांगितलं ते आणि हे गणित, दोन्ही तंतोतंत एक निघालं. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालत होती. मोटर हाताला गरम लागायची तेही याच कारणानं; कमी फ्रीक्वेन्सीवर तिची वेटोळी जास्त प्रवाह ओढतात.

मग स्ट्रोबच्या रेषा स्थिर कशा? मला या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. ५० हर्ट्झच्या विजेवरचा निऑन दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो, म्हणून ३३⅓ ला रेषा स्थिर दिसायला कड्यात १८० रेषा लागतात. अमेरिकेत दिवा १२० वेळा उजळतो, म्हणून तिथल्या चकतीवर २१६ रेषा छापतात. मुलाच्या चकतीवर २१६ रेषांचंच कडं होतं. आता २७.८ च्या वेगानं फिरणाऱ्या २१६ रेषा सेकंदाला किती सरकतात, तर बरोबर १००. आणि आपला दिवा उजळतो तोही १०० वेळा. मोटर मंद झाली त्याच प्रमाणात दिवाही मंद झाला आणि दोघांनी मिळून खोटी साक्ष दिली. मोजणारं आणि मोजलं जाणारं, दोन्ही एकाच विजेवर लटकलेलं असलं की असं होतं. वडिलांची पेटी मात्र त्या विजेवर चालत नव्हती.

पेटी नसलेल्या घरासाठी याहून साधी तपासणी आहे. तबकडीच्या लेबलावर कागदाचा तुकडा ठेवा, मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि फेरे मोजा. ३३⅓ चा वेग बरोबर असेल तर ३ मिनिटांत नेमके १०० फेरे होतात. मोबाइलचं घड्याळ क्वार्ट्झवर चालतं, भिंतीतल्या विजेशी त्याचा संबंध नाही. इथे ३ मिनिटांत ८३ फेरे भरले. मुलानं ते स्वतः मोजले आणि मग वडिलांकडे बघून म्हणाला, "बाबा, तुमचंच बरोबर होतं." काकांनी मान हलवली आणि पेटीचा भाता बंद केला.

उपाय तीन होते. नवं, डीसी मोटरचं टर्नटेबल घेणं. ते कुठल्याही फ्रीक्वेन्सीवर सारखंच चालतं. दुसरा, ६० हर्ट्झची स्वतंत्र शुद्ध साइन लहर तयार करणारा पॉवर सप्लाय. उत्तम, पण महाग. तिसरा, मोटरवरची पुली (बेल्ट फिरवणारं छोटं चाक) बदलणं. या टर्नटेबलचा तळ, बेअरिंग आणि जड प्लॅटर (तबकडी ठेवायचं फिरतं ताट) इतका चांगला होता की तो काढून टाकणं मला पटलं नाही. मोटर सहास पाच प्रमाणात मंद झाली आहे, तर पुली १.२ पट मोठी केली की प्लॅटर पुन्हा मूळ वेगावर येतो. युरोपात विकलेल्या त्याच मॉडेलांना कारखान्यातून अशीच मोठी पुली बसवलेली असते. ती सुटी मिळाली तर उत्तम. आम्हाला वेळेत मिळाली नाही, म्हणून वागळे इस्टेटमधल्या एका टर्नरकडून पितळेची करून घेतली. दोन पायऱ्यांची, लहान ३३⅓ साठी आणि मोठी ४५ साठी, बेल्ट मध्ये राहावा म्हणून दोन्ही पायऱ्या मध्यभागी किंचित फुगीर. टर्नरला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: आतलं भोक आणि बाहेरचा घेर एककेंद्री हवेत. जरा जरी डळमळ राहिली तर लांब लावलेला स्वर हलतो, आणि तंबोऱ्यावर ते लगेच कळतं. १.२ हा आकडा बेल्टची जाडी धरून काढायचा असतो, नुसत्या पुलीचा नाही. पहिल्यांदा फेरे किंचित जास्त भरले. थोडं घासून ते १०० वर आणले.

आता १८० रेषांची चकती छापून घेतली आणि तिच्या रेषा स्थिर दिसतात. आता ती साक्ष खरी आहे, कारण कडं आणि दिवा दोन्ही ५० हर्ट्झचे. (एलईडी दिव्याखाली ही चकती वापरू नये. चांगला एलईडी विजेच्या तालावर लुकलुकत नाही, त्यामुळे रेषा दिसतच नाहीत. निऑनचा इंडिकेटर किंवा जुन्या चोकची ट्यूबलाइट हवी.) आपल्या ग्रिडची फ्रीक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायचा नियम आहे. त्या चढउतारानं सूर इतका कमी हलतो की कानाला कळत नाही.

रिसीव्हरच्या आतल्या गोष्टी

एव्ही रिसीव्हर चित्रपटांसाठी घडवलेला असतो आणि आलेल्या प्रत्येक आवाजाचे पाच तुकडे करायला तो उत्सुक असतो. सराउंड मोड चालू होता, त्यामुळे गायक मधल्या स्पीकरमध्ये आणि टाळांचा काही भाग सोफ्याच्या मागे, असा प्रकार झाला होता. प्रीअँपची केबल ज्या इनपुटवर आहे त्याला स्टीरिओ मोड नेमून दिला. अनेक जण अशा वेळी 'डायरेक्ट' मोड सुचवतात. पुढचे स्पीकर मोठे असतील तर तो चांगला. इथले स्पीकर शेल्फवरचे छोटे, आणि डायरेक्टमध्ये अनेक रिसीव्हर सबवूफर तोडून टाकतात; मग डग्गा पुन्हा हरवतो. म्हणून स्टीरिओच योग्य.

या संग्रहातल्या कितीतरी एलपी मोनो आहेत. मोनो तबकडीत संगीत सुईच्या आडव्या हालचालीत असतं. उभी हालचाल म्हणजे निव्वळ धूळ आणि ओरखडे. दोन्ही चॅनल एकत्र केले की ही उभी हालचाल आपोआप वजा होते. रिसीव्हरमध्ये मोनो मोड होता, तो लावून दाखवला आणि खरखर लक्षणीय उतरली. ही सोय फार कमी लोक वापरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

टर्नटेबल टीव्हीच्या लाकडी युनिटवर होतं आणि त्याच युनिटच्या खणात सबवूफर. थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवली, मोटर बंद ठेवून व्हॉल्यूम हळूहळू चढवला, युनिटवर बोटानं हलकं ठोकलं, तर स्पीकरमधून घूं असा वाढत जाणारा आवाज आला. सबवूफर हादरवतो, सुई ते हादरे उचलते, तेच पुन्हा सबवूफरमधून बाहेर. सबवूफर समोरच्या कोपऱ्यात जमिनीवर नेला आणि टर्नटेबल भिंतीत पक्क्या बसवलेल्या फळीवर. नातीच्या उड्यांनी सुई उडायची तेही त्यानं थांबलं.

प्रवासात टोनआर्मचं वजन सरकलेलं होतं, ते सोनारी काट्यासारख्या लहान डिजिटल काट्यावर २ ग्रॅमला आणलं. तबकड्यांवर मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यानं दिलेली बुरशी होतीच. एलपी डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रशनं खाचांच्या दिशेनं धुतल्या. लाखेच्या तबकड्यांना मात्र अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रावण लावायचं नाही, लाख त्यात विरघळते.

बेडरूममधल्या वायरलेस स्पीकरवर रेकॉर्ड ऐकायची सुनेची इच्छा होती. रिसीव्हर ते करतो. आवाज थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे हॉल आणि बेडरूम एकाच वेळी चालू ठेवले तर दारात उभं राहिल्यावर दुहेरी ऐकू येतं. एका वेळी एकच खोली चालू ठेवायची, एवढंच.

७८ च्या तबकड्या अजून कपाटात आहेत. हे टर्नटेबल ३३⅓ आणि ४५ चंच. शिवाय एलपीची सुई ७८ च्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते. त्यासाठी साधारण ७५ मायक्रॉनची, म्हणजे एलपीच्या चौपट जाड टोकाची सुई हवी, आणि त्या जमान्यातल्या कंपन्यांचे वक्र आरआयएएहून वेगळे, म्हणून प्रीअँपही वेगळा. काकांनी त्यातल्या दोन तबकड्या बाजूला काढून ठेवल्या आहेत. तीन वेगांचं टर्नटेबल या वेळी इथेच, ५० हर्ट्झचं घ्यायचं असं मुलानं ठरवलं आहे.